पेटीचं पोट

सर्व्हरच्या खोलीतली यंत्रं बडबडी जात. त्यांचं ऐकून घ्यायला कपाटाच्या तळाशी एक चपटी पेटी होती, कन्सोलची पेटी. यंत्र मरताना जे पुटपुटेल, ते ती पोटात ठेवी. ती खोलीची देखभाल करणाऱ्या मामांनी बसवलेली, म्हणून मामांचा तिच्यावर भारी जीव. "माणूस विसरेल, बायको विसरेल, पेटी नाही," असं ते सांगत. बायको विसरेल हे मात्र कुणाला पटलं नव्हतं.

त्या सकाळी मुख्य यंत्र कोसळलं आणि आळ आला मामांच्या सख्ख्या भाचीवर. शेवटचं काम तिनंच केलेलं.

"पोरीनं भलतीच कमांड दिली," साहेब म्हणाले. "तसं नाही हे दाखवा, नाहीतर आजच तिनं घरी जावं."

"मी काही केलं नाही रे मामा. डिस्कच आधीपासून कुरकुरत होती."

"मग ते पेटीत असणारच."

"आधी आपण बघू या ना."

"वेडी का गं तू? दोघांनीच पाहिलं तर म्हणतील, मामा-भाचीनं मिळून शिजवलं. साहेबांच्या डोळ्यांदेखत उघडायचं."

साहेब फोनवर होते. मामा दाराबाहेर बसले, आणि मामा बसले म्हणजे तोंड चालूच. जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगू लागले, की पेटीनं एकदा उंदराची शिंकसुद्धा टिपली होती. इकडे कोसळलेलं यंत्र उठे, पडे, पुन्हा उठे, आणि दर खेपेला आपली वंशावळ पहिल्यापासून म्हणून दाखवी: मेमरी इतकी, पंखे इतके.

साहेब आले. मामांनी पेटीचा पडदा उघडला, मजकूर वर सरकवला, अगदी टोकापर्यंत. सगळीकडे वंशावळच. पेटीचं पोट चिमुकलं. नवं आलं की जुनं बाहेर. हे पोट, म्हणजे बफर, वाढवायची सोय होती, दूरच्या डिस्कवर नक्कल पाठवायचीही होती. पेटी बसवताना ते सेटिंगचं पान मामांनीच 'पुढे' दाबून ढकललं होतं. यंत्रांची रडगाणी कोण वाचत बसणार?

"कुठाय?"

"होतं, साहेब."

"'होतं' तर सगळ्यांचंच असतं, मामा," असं म्हणून साहेब गेले.

भाचीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मामांनी पेटीची सेटिंग उघडली, बफर होईल तेवढा मोठा केला, नक्कल दूरच्या डिस्कवर लावली. पेटीनं निमूट मान्य केलं.

"आता काही सुटायचं नाही."

"चांगलं झालं," भाची म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं, असं मामांना वाटलं. "आईला फोन तूच कर. मला नाही जमणार."

बहिणीनं पहिल्याच घंटेला उचलला. "काय रे, निघालं ना पेटीतून? मी पोरीला सकाळीच म्हटलं, मामा आहे तर घोर कसला."

"ताई, थांब जरा," मामा म्हणाले, "आवाज नीट येत नाहीये."

आवाज अगदी स्वच्छ येत होता.