मरोळच्या भट्टीतला चुना

मी एक जुना चुना आहे, मित्रांनो. माझं काम तेलाचं इंधन करायचं. हसू आलं ना? हसा खुशाल. माझ्यावर हसणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मी मूळचा भांडुपचा. जानकीबाईंच्या घरी तिसऱ्यांचं सुकं झालं की ज्या शिंपल्या उरत, त्या म्हणजे मी. १९८६ साली जानकीबाई मरोळच्या एका साबणाच्या कारखान्यात झाडलोट करत. तिथल्या केमिस्ट क्षमाताईंनी त्या शिंपल्या मागून घेतल्या, भट्टीत लालबुंद होईपर्यंत भाजल्या, आणि मी पांढराशुभ्र कळीचा चुना झालो.

क्षमाताईंना करंजाच्या तेलापासून डिझेलसारखं इंधन करायचं होतं. तुम्ही आज त्याला बायोडिझेल म्हणता. कॉस्टिक सोडा वापरला की बरंचसं तेल साबण होऊन बसे आणि ते धुता धुता ताई मेटाकुटीला येत. मला तेलात आणि मेथनॉलमध्ये घालून तापवत ढवळलं, की खाली दाट ग्लिसरीन जमे आणि वर पातळ इंधन येई. मी तळाशी तसाच्या तसा. गाळून घ्या, पुन्हा कामाला लावा!

मालक अनंतरावांनी बजावलं होतं, "समोर इंजिन चालवून दाखव, नाहीतर हा प्रयोग बंद." आणि नेमकी दाखवायच्या दिवशीच माझी वाट लागली. तेल तासन्‌तास ढवळलं, पण ते मेथनॉलकडे ढुंकून बघेना. ताईंनी माझी बरणी उघडली, तर आत ओलावा.

"ताई, मीच पाणी मारलंय," जानकीबाई म्हणाल्या. "चुनो सुको ठेवूचो नसता. आमच्या आयेन पानाच्या डब्येतलो चुनो कधी सुकू दिल्यान नाय."

बिचारीने मायेने केलं होतं. मला रागही धड आला नाही.

"बस झाली नाटकं," अनंतराव ओरडले. "शिंपल्यांवर इंजिन चालतं का कुठे? फेकून दे तो चुना!"

"सर, तो फक्त भिजलाय," क्षमाताई जागच्या हलल्या नाहीत. "उद्यापर्यंत थांबा ना. नाही झालं, तर मी स्वतः भट्टी बंद करीन."

मी पुन्हा आगीत गेलो. पाण्याचा थेंबन्‌थेंब अंगातून हाकलून दिला. दुसऱ्या दिवशी इंधन उतरलं, आवारातलं इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. अनंतराव वाकून इंजिनाच्या टाकीत डोकावून बघायला लागले. काय बरं वाटलं मला!

पुढे कारखानाच बंद पडला. सामान भंगारात निघालं, तेव्हा जानकीबाईंनी मला घट्ट झाकणाच्या बरणीत घालून घरी नेलं. पानाच्या डबीतल्या चुन्यावर त्या रोज पाणी शिंपडत. माझ्या बरणीजवळ मात्र ओला हातसुद्धा नेत नसत.

तेव्हा मित्रांनो, जे अडलं ते टाकून देण्याआधी ते कशाने अडलं एवढं बघत जा. मला जुना म्हणा, भिजलेला म्हणा, पण संपलेला म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. आधी भट्टी पेटवा, मग बोलू.