चाखलेली माती

दिवा आणि डोंबिवलीच्या मधल्या एका गावठाणात धनेशचं दोन मजली घर आहे. मागे चार गुंठे जागा. धनेश बांधकामाचं सामान पुरवतो, त्यामुळे पंधरा वर्षं तिथे रेती, खडी आणि सळ्या पडून असत. गेल्या वर्षी त्याने गोदाम शीळ रस्त्याला हलवलं आणि जागा मोकळी झाली. धाकटा भाऊ प्रफुल्ल म्हणाला, गाळे काढू. धनेशची बायको कल्पिता म्हणाली, बाग करू.

कल्पिताचं माहेर खडवलीचं. तिने मुलीच्या जुन्या वहीत आराखडा काढला. कुंपणालगत शेवगा आणि कढीपत्ता, उन्हाच्या बाजूला वांगी-मिरचीचे वाफे, न्हाणीच्या पाण्यावर केळी, मध्ये सासूबाईंना बसायला कट्टा आणि त्यावर कृष्णकमळाचा मांडव. धनेशने वही उलटसुलट करून पाहिली.

"मार्गशीर्ष लागेपर्यंत जागा तुझी," तो म्हणाला. "तोवर हिरवं दिसलं तर राहू दे. नाहीतर गाळे. मग तोंड फुगवायचं नाही."

"आणि दिसलं तर?"

"तर रोज मी स्वतः पाणी घालीन."

"तू?" सासूबाई सखुबाई म्हणाल्या. "तुला आंघोळीचा पानी कारून द्यावा लागतो."

धनेशसुद्धा हसला. पण शब्द दिला होता तो दिला होता, आणि गाळ्यांसाठी दोन माणसं विचारून गेली होती, हे कल्पिताला माहीत होतं.

खडी उचलल्यावर खाली नुसता मुरूम निघाला. माती बाहेरून आणायला हवी होती. खाडीच्या बाजूला एका टॉवरचा पाया खोदत होते, तिथली सहा डंपर माती प्रफुल्लने फुकट मिळवून दिली. काळी, भुसभुशीत, दिसायला उत्तम. रोपं घ्यायला कल्पिता ठाण्याला नौपाड्यात गेली, तेव्हा नर्सरीवाल्या मेघनाताईंनी विचारलं, "माती कुठली?"

"खाडीजवळची."

"मग आधी तपासून घ्या. आठवड्यात रिपोर्ट येतो."

"लॅब आमच्या घरातच आहे," कल्पिता म्हणाली.

ती थट्टा नव्हती. तिचे सासरे काळुराम तरुणपणी मिठागरावर होते. पुढे खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की गाव त्यांना बोलवायचं. ते प्रत्येक खाचरातली चिमूटभर माती जिभेवर ठेवत, थुंकत आणि सांगत: इथे पेरा, इथे नको. त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मग शेतं गेली, इमारती आल्या आणि विचारायला येणारे थांबले. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते ओटीवर बसत. घरातले त्यांना फक्त गोळी घेतली का, एवढंच विचारत.

कल्पिताने मूठभर माती नेली तेव्हा ते उठून उभे राहिले. शर्टाची बटणं लावली. चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, थुंकले.

"गोड हाय," ते म्हणाले. "लाव बिनधास्त."

पाऊस ओसरत होता. घटस्थापनेच्या आधी तिने एक्केचाळीस रोपं लावली. दहा-बारा दिवस सगळी ताठ होती. धनेश आणि प्रफुल्ल कामावर गेले की काळुराम रोज काठी टेकत यायचे, वाफ्याची दिशा बदल, आळं मोठं कर, असं सांगायचे. कल्पिता तसं करायची.

मग ऑक्टोबरचं ऊन पडलं. आधी मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या. मग वांगी, मग केळी. कल्पिताने पाणी वाढवलं. टँकर येईल त्या दिवशी घरातलं वापराचं पाणी तोडून झाडांना घातलं. महिन्याच्या शेवटी वाफ्यांवर पांढरट पापुद्रा दिसू लागला. तिने बोट ओलं करून त्यावर टेकवलं आणि जिभेला लावलं. खारट लागलं.

दुपारी तिने एका वाटीत कुंडीतली चांगली माती घेतली आणि त्यात मूठभर मीठ कालवलं. ओटीवर जाऊन वाटी पुढे केली.

"बाबा, ही जरा बघा."

काळुरामांनी चिमूट घेतली. डोळे मिटले. थुंकले.

"गोड हाय."

तिने वाटी तशीच पुढे धरली. काळुरामांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. वाटीत मिठाचे दाणे दिसत होते.

"तीन वर्सां झाली," ते हळू म्हणाले. "त्या तापात तोंडाची चव गेली. भाकर काय, माती काय, सगला सारखाच."

"मग सांगितलं का नाही? मी रिपोर्ट काढला असता."

"तू इचाराला आलीस ना," ते म्हणाले. "किती वर्सांनी कोन आला इचाराला."

मार्गशीर्ष लागायला चार दिवस होते. रविवारी जेवताना धनेशनेच विषय काढला. मागे शेवग्याचा एक खुंट सोडला तर हिरवं काही उरलं नव्हतं.

"खारी माती होती म्हणे," तो म्हणाला. "प्रफुल्ल, तुला कळलं नाही?"

"मी फुकट आणून दिलेली. चाखायला पण मीच?" प्रफुल्ल म्हणाला. "बाबा घरात बसलेत ना."

धनेश वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्ही बघितलेली का माती?"

सखुबाई वाढता वाढता थांबल्या. कल्पिताने सासऱ्यांकडे पाहिलं. ते भात कालवत होते.

"मना कोन इचारतो?" काळुराम म्हणाले. "इचारला असता तर सांगितला असता."

"अगं, घरात एवढा जाणकार माणूस," धनेश म्हणाला, "आणि तू विचारलं पण नाहीस?"

कल्पिताच्या तोंडाशी उत्तर आलं. काळुरामांचा हात भातात थांबला होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि आमटीचं भांडं उचलून आत गेली.

सोमवारी सकाळी प्रफुल्लने मागे चुन्याची फक्की मारून गाळ्यांच्या रेषा आखल्या. सात गाळे बसत होते. जेसीबीवाला उद्या येणार होता. प्रफुल्लने ओटीकडे तोंड करून हाक मारली, "बाबा, जरा इकडे या. पाया किती खोल घ्यायचा, सांगा." काळुराम आले. काठीने एकेक कोपरा दाखवत ते तासभर बोलत होते. कल्पिता त्यांच्यापासून सात-आठ पावलांवर वाळलेली रोपं उपटून पोत्यात भरत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

पोती घेऊन ती फाटकाशी गेली तेव्हा घंटागाडी उभी होती. गाडीवाल्याने पहिल्या पोत्यात हात घालून पाहिलं.

"ताई, माती चालत नाही. मुळं झाडून द्या."

"किती वेळ थांबाल?"

"पुढची गल्ली करून येतो."

ती पायरीवर बसली, पोतं उपडं केलं आणि एकेका रोपाच्या मुळाची माती झाडू लागली.