वासेफ घरी आहे ना?

“आज रात्री यांना एकटं ठेवायचं नाही,” रुग्णवाहिकेवरच्या माणसानं मला बजावलं. “डोक्याला मार आहे. झोपले तरी दोन-तीन तासांनी उठवून नाव विचारा. उलटी झाली, डोकं जास्त दुखलं, तर सरळ इस्पितळ गाठा.”

मी मान हलवली. लक्ष सगळं तालीनकडे होतं. माझी सात महिन्यांची पोर मागच्या सीटवर रडून लालबुंद झाली होती आणि मी तिच्या पोटावरचा पट्टा तिसऱ्यांदा तपासत होते. तिला ओरखडासुद्धा नव्हता. ती रडली म्हणून गाडी चालवताना मी मागे वळून पाहिलं होतं, एवढंच. तेवढ्यात चौकातून वळणाऱ्या एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या दारावर मी जाऊन आदळले. आतल्या म्हाताऱ्याचं डोकं काचेवर आपटलं.

अपघातानंतर काय करायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. मी घाबरून गाडी मागे घ्यायला गेले, तर कपाळावर रुमाल दाबून ते खाली उतरले आणि हात आडवा करून उभे राहिले.

“हलवू नकोस, पोरी. पोलीस येऊन अपघाताचा नकाशा काढेपर्यंत चाकं आहेत तिथंच राहू देत. इंजिन बंद कर. बाळाला जवळ घे. पाणी पी.”

“काका, चूक माझीच—”

“श्श! चूक कुणाची ते नकाशावाला ठरवेल. तीस वर्षं कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहितोय मी. रडत रडत कबूल केलेलं फार महाग पडतं.”

कोपऱ्यावरचा भाजीवाला नज्मी खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन धावत आला. “अबू वासेफ! अरे, गाडीला काही झालं नाही ना? डोक्याचं सोड, ते आधीच कामातून गेलेलं.”

“तुझ्या कलिंगडांपेक्षा बरं आहे. आतून लाल तरी निघालं.”

इस्पितळात जायला ते तयारच होईनात. कुणा विधवेचा अर्ज दुपारी द्यायचा होता. नको म्हणून कागदावर सहीसुद्धा करून मोकळे झाले. शेवटी रुग्णवाहिकेवाल्यानं मलाच विचारलं, “घरी कोण असतं यांच्या?”

“मुलगा आहे ना. वासेफ,” मी म्हणाले. अबू वासेफ, म्हणजे वासेफचा बाप. आमच्या अम्मानमध्ये यात विचारायचं काय असतं? तरी खात्रीसाठी मी त्यांच्याकडे वळले. “काका, वासेफ घरी आहे ना?”

“आहे, आहे. वासेफ कुठं जाणार? फार गुणी. आजवर मला उलट शब्द बोललेला नाही.”

नज्मी हसला. मीही हसले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

पोलिसानं नकाशा काढला, कागदावर नाव लिहिलं: शुकरी वासेफ. ते मी वाचलं, त्याचा फोटोही काढून ठेवला.

त्या रात्री मी दोन-दोन तासांनी उठवलं, ते तालीनला. तिच्या नाकाशी बोट धरून बसले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कागदावरच्या नंबरावर काकांना फोन केला. “बरा आहे गं. डोकं जरा जड आहे, वयच झालंय त्याचं.”

“वासेफला सांगा ना, डॉक्टरकडे न्यायला.”

“वासेफला ना? सांगतो,” ते म्हणाले.

गुरुवारी फोन उचलला गेला नाही. मी चार वेळा लावला. माझा नवरा मोएन सौदीत, दम्मामला नोकरीला आहे. त्याला फोनवर म्हणाले, “मी जाऊन बघून येते.”

“एकटी? घरात तरुण मुलगा आहे म्हणतेस, नि तू बाळ घेऊन दार वाजवणार? बरं दिसेल का ते? शुक्रवारी नमाजनंतर माझ्या भावाला घेऊन जा. मिठाई घेऊन जा, नीट रीतीनं.”

“फोन उचलत नाहीत रे.”

“मुलगा आहे ना घरात! तुला सगळ्यांचीच काळजी. आधी स्वतः झोप जरा.”

मलाही पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं.

शुक्रवारी दीर आणि मी मिठाईचा डबा घेऊन कागदावरच्या पत्त्यावर गेलो; नज्मीच्या दुकानाच्या वरचंच घर. दार कुणी उघडेना. खाली नज्मीकडे गेलो. तो जुडी बांधत होता.

“अबू वासेफ? बुधवारी पाव घेऊन गेला. मग दिसला नाही. मला वाटलं, तू नेलंस इस्पितळात.”

“मी कशी नेणार? मला वाटलं, वासेफनं नेलं असेल.”

नज्मीच्या हातातली जुडी तशीच राहिली. “कुठला वासेफ?”

“त्यांचा मुलगा.”

“बाई, त्याचं लग्न तरी झालंय का? वासेफ त्याच्या बापाचं नाव. पुढे होणाऱ्या थोरल्या मुलाला आजोबांचं नाव लागणार, म्हणून पोरवयापासून सगळे अबू वासेफ म्हणायला लागले. पोरगा काही झालाच नाही. गुणी आहे, उलट बोलत नाही, ही त्याची जुनी थट्टा. मला वाटलं, तुलाही ठाऊक आहे.”

मला ठाऊक असायला हवं होतं. कागदावर शुकरीपुढे वासेफ लिहिलेलं होतं, आणि माणसाच्या नावापुढे बापाचं नाव येतं, मुलाचं नाही. चार वर्षं कॉलेजात शिकलेल्या बाईला एवढं तरी वाचता यावं.

दिरानं आणि नज्मीनं दार फोडलं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडले होते. एक चप्पल पायात, एक नाही. श्वास चालू होता. डोक्यात रक्त हळूहळू साचत गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी आणलं असतं तर बरं झालं असतं. सोमवारी श्वासही थांबला.

नज्मीनं दुकानासमोर खुर्च्या मांडल्या, दुखवट्याची कडू कॉफी ठेवली. पुरुष बरेच आले. कुणाचा घटस्फोटाचा अर्ज त्यांनी लिहून दिला होता, कुणाचा जमिनीचा. येणारा प्रत्येक जण हात पुढे करी आणि इकडेतिकडे बघे, सांत्वन करायचं कुणाचं? रांगेच्या तोंडाशी उभं राहायला घरचं कुणी नव्हतं. शेवटी सगळे नज्मीचाच हात हातात घेऊ लागले आणि तो प्रत्येकाला “मी नुसता भाजीवाला” म्हणत राहिला. बायकांची बैठक तर नव्हतीच. कुणाच्या घरी बसणार? मी तालीनला मांडीवर घेऊन समोरच्या फुटपाथलगत, गाडीतच बसले. खिडकीतून कुणीतरी मलाही कॉफी दिली.

मोएन म्हणतो, तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. नकाशावाल्यानं चूक माझीच ठरवली, पण ती दाराच्या चेपलेल्या पत्र्याची. बाकीचं त्या कागदावर कुठं आहे?

तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत कुणीतरी असेल, ज्याला सगळे अमक्याचे बाबा, तमकीची आई म्हणतात. त्या अमक्याला, त्या तमकीला तुम्ही स्वतः कधी पाहिलंय का? नसेल, तर हे वाचून झाल्यावर तेवढं जाऊन या. फोन करू नका. दार वाजवा, आणि ते उघडेपर्यंत थांबा.