बारा नंबरच्या दाराखालच्या चिठ्ठ्या

नातीच्या पत्राला मी नऊ दिवस उत्तर दिलं नाही. ते हातातल्या पुस्तकात खुणेसाठी घातलं होतं आणि रोज त्याच्या पुढचं पान वाचत होतो.

ती यंदा होस्टेलची मजलाप्रमुख झाली. म्हणजे स्वतः शिकता शिकता मजल्यावरच्या अठरा मुलींकडे बघायचं: कुणाचा नळ गळतो, कुणाचं रूममेटशी बिनसलंय, कोण आजारी आहे. कॉलेजात असताना हे काम मीही दोन वर्षं केलेलं, म्हणून तिने मला विचारलं होतं. मी ऐटीत सांगितलं होतं, "सारखी दारं वाजवू नयेत. माणूस अवघडतो. दाराखालून चिठ्ठी सरकवावी."

पत्रात होतं: "आजोबा, बारा नंबरमध्ये एकटीच राहणारी मुलगी चार दिवस जेवायला खाली आलेली नाही. तुम्ही सांगितलं तशा तीन चिठ्ठ्या सरकवल्या. उत्तर नाही. मला हे काम जमत नाही, महिनाअखेरीला सोडणार आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. लिहून कळवा, आता काय करू?"

उत्तराचे चार मसुदे झाले. पहिल्यात प्रस्तावनाच दीड पान. दुसरा उपदेश वाटला, तिसरा खोटा. चौथा वाचायच्या आधीच फाडला. खरं लिहायचं तर स्वतःबद्दल लिहावं लागलं असतं.

दहाव्या दिवशी बायकोने धूळ झटकायला पुस्तक उचललं आणि पत्र खाली पडलं. तिने उभ्या उभ्या वाचलं.

"अहो, हे कधीचं?"

"झाले आठ-नऊ दिवस."

"आणि तुम्ही काय करताय?"

"विचार."

"करा विचार! तिकडे एक पोरगी दार लावून बसलीय, दुसरी रडकुंडीला आलीय आणि इथे तुमची शाई वाळतेय." तिने नंबर लावून फोन माझ्या हातात कोंबला. "'हं' म्हणालात तर बघा."

"आजोबा? तुम्ही?" पलीकडून नात म्हणाली.

"हं."

बायकोने कपाळावर हात मारला.

"बाळा, ते बारा नंबर... उघडलं का?"

"नाही ना! काल पाचवी चिठ्ठी टाकली. वैतागलेय मी. मी काय पोस्टमन आहे?"

"चिठ्ठी नको. आत्ता जा आणि दार वाजव. आधी तुझं नाव सांग. उघडेपर्यंत तिथून हलू नकोस."

"आणि नाहीच उघडलं तर?"

"रेक्टरबाईंना किल्ली घेऊन बोलाव. लगेच."

"ती म्हणाली कुणाला सांगू नकोस, तर?"

"तसा शब्द देऊ नकोस. सांगावं लागेल, पण मी तुझ्याबरोबर येते, असं म्हण."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

मी काही म्हणायच्या आत फोन तिनेच ठेवला.

तासाभराने तिचा फोन आला. आवाज चिडलेलाच होता. मुलीने दार उघडलं होतं. परीक्षेत नापास झालेली, घरी सांगायची हिंमत नाही, इतके दिवस बिस्किटांवर काढलेले. आता रेक्टरबाई तिच्याजवळ बसल्या होत्या, डॉक्टर येत होते.

"आणि मला काय म्हणाली माहितीये? 'चिठ्ठी टाकून पळतेस कशाला? तुझी पावलं ऐकू यायची मला.'"

पळतेस. पन्नास वर्षांनी तो शब्द माझ्या पत्त्यावर पोचला.

त्या संध्याकाळी पाचवा मसुदा लिहिला: "माझ्या मजल्यावरच्या एका मुलाच्या दाराखाली मी सात चिठ्ठ्या सरकवल्या होत्या. शेवटी शिपायाने दार ढकललं, तेव्हा त्या दाराबरोबर फरफटत आत गेल्या. मुलगा चार दिवस तापाने फणफणत पडला होता. वाचला, पण माझ्याशी पुन्हा बोलला नाही. लोक अवघडतील म्हणून मी चिठ्ठ्या लिहीत नव्हतो. मला दार वाजवायची भीती वाटायची. ती भीती मी तुला शहाणपण म्हणून दिली. काम सोडायचं तर सोड, पण माझ्या चुकीपायी सोडू नकोस."

सकाळी पाकीट घेऊन निघालो, तर बायको म्हणाली, "पेटीत सरकवून येऊ नका. खिडकीवर हातात द्या."

पोस्टात रांग होती. दोनदा रांग सोडून पेटीपर्यंत गेलो आणि परत शेवटी उभा राहिलो. खिडकीतल्या बाईने वर न बघता हात पुढे केला. मी पाकीट दिलं.

"पोचेल ना?"

"द्यायला हवं ना आधी, आजोबा? मग पोचतंच," ती म्हणाली आणि शिक्का मारला.