पैलवानाचं सुतक

माझी बायको संयोगिता मंगळवारी गेली. त्यानंतरचे दहा दिवस आमच्या घरात जे चाललं त्याचा मला अजून राग आहे. अर्धा राग माझा माझ्यावरच आहे.

आमच्याकडे एक गिनीपिग आहे, नर. नात मोना पुण्याला शिकायला गेली तेव्हा तो आमच्याकडे ठेवून गेली. बसका, रुंद, मान नसल्यासारखा. संयोगितानं त्याचं नाव पैलवान ठेवलं. आता तो सहा वर्षांचा आहे, म्हणजे म्हातारा. या जनावरातल्या म्हाताऱ्या नरांचे मागचे स्नायू ढिले पडतात. लेंड्या बाहेर पडायच्या ऐवजी मागच्या पिशवीसारख्या भागात साठत जातात. कुणी हातानं काढल्या नाहीत तर त्यांचा गोळा होतो, दुखतं, खाणं सुटतं आणि जनावर मरतं. त्याच्या जरा वर तेलकट चिकटा सुटणारी एक जागा असते. तो चिकटा केसांत धरतो आणि घाण वास मारतो.

हे सगळं संयोगिता करायची. दर रविवारी आणि बुधवारी सकाळी ती उन्हात पाट टाकून बसायची. शेजारची रुबीना, साड्यांना फॉल-पिको करते ती, पैलवानाला धरायची. संयोगिता वाटीत कोमट खोबरेल घ्यायची, कापूस बुडवायची आणि काम करायची. मी पेपर घेऊन रंकाळ्याकडं निघून जायचो. पस्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काळ्या तेलात हात घातलेला माणूस मी, पण या कामाची मला किळस यायची. तिनं कधी मला बस म्हटलं नाही. मीही बसलो नाही.

ती गेल्यावर बिद्रीहून माझी थोरली बहीण धोंडुबाई आली. तिला मी आक्का म्हणतो. आक्कानं घर हातात घेतलं. सुतकाचे दहा दिवस घरात दाढी नाही, नखं काढायची नाहीत, अंगाला तेल लावायचं नाही, फणी नाही. हे आमच्यात सगळेच पाळतात, मीही पाळत होतो. दहाव्याला नदीवर न्हावी येणार आणि मग सगळं मोकळं होणार.

पहिला बुधवार गेला. त्या दिवशी मला माझंच भान नव्हतं, त्याबद्दल मी स्वतःला काही म्हणत नाही.

रविवारी रुबीना दारात आली. पैलवानाचं कुणी केलं का, असं तिनं विचारलं. आक्कानं तिला उंबऱ्यावरूनच सांगितलं, सुतक आहे, तेल-नखं दहाव्यानंतर. मी आतल्या खोलीत वारणानगरच्या एका पाहुण्यासमोर बसलो होतो. मला सगळं ऐकू आलं. मी उठलो नाही. या गोष्टीबद्दल मात्र मी स्वतःला म्हणतो.

भेटायला येणारी माणसं नाकाला रुमाल लावू लागली. एकानं विचारलं, एवढा मोठा उंदीर पाळून काय मिळतं. वारणानगरच्या पाहुण्यानं तर सल्ला दिला, उसात सोडून या, त्याचं तो बघेल. माझ्या घरात माझी बायको गेली होती, आणि ही माणसं माझ्या घरचा चहा पिऊन तिनं जपलेला जीव उसात सोडायला सांगत होती. मी मान हलवली. सुतकात माणूस नुसती मान हलवत बसतो.

सोमवारी आक्कानं तोडगा काढला. तेल चालत नसलं तरी आंघोळ चालते, आपण सगळेच करतोय. तिनं पैलवानाला मागच्या मोरीत नेलं आणि माणसासारखा डोक्यावरून गार पाण्याचा तांब्या ओतला. मी गेलो तोवर तो कोपऱ्यात थरथरत होता. मी त्याला पंच्यात गुंडाळलं. आक्का म्हणाली, आता वास जाईल. वास गेला नाही. गोळा आत होता, पाणी वरून गेलं.

मंगळवारी तो जागचा हलला नाही. बुधवारी सकाळी पिंजऱ्यात रात्रीची कोथिंबीर तशीच पडलेली दिसली. एक काडीसुद्धा मोडली नव्हती. कोथिंबिरीसाठी तो पिशवीच्या आवाजावर शिट्ट्या मारायचा. संयोगितानं मला एकदा सांगितलं होतं की यानं एक दिवस खाल्लं नाही तरी धोका असतो.

मी स्वयंपाकघरात गेलो, वाटीत खोबरेल ओतलं आणि ती गरम तव्यावर ठेवली. आक्का मागं येऊन उभी राहिली.

"सुतक हाय, कृष्णात."

"सुतक मला हाय, आक्का. त्याला न्हाय."

"आणि तेल कुणाच्या हाताला लागणार? त्याच्या का तुझ्या?"

"माझ्या. लागू दे."

"तिला पुढं जाताना अडचण व्हईल. चालंल तुला?"

"आज बुधवार हाय," मी म्हणालो. "बुधवारी ती ह्याचं केल्याबिगर घराबाहेर पाऊल टाकत न्हवती. अडचण तू केलीयास आणि मी बघत बसलो."

घरात पाच-सहा माणसं होती. मी वाटी घेऊन शेजारी गेलो आणि रुबीनाला बोलावलं. ती मशीनवरून उठली.

"काका, मी रविवारी आल्ते की."

"म्हाइत हाय. मी आतच हुतो."

तिनं चपला घातल्या आणि माझ्यापुढं निघाली. ती चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं होतं काम तीच करेल. पण तिनं नुसतं धरलेलं होतं, हात कधी लावला नव्हता. ती म्हणाली, मी बघितलंय तसं सांगते, करायचं तुम्ही. आम्ही पुढच्या सोप्यात, ओसरीवर, उन्हाला बसलो, सगळ्यांच्या समोर. कोमट तेलाचा कापूस मी त्या जागेवर दाबून धरला. घाई नाही, असं रुबीना सांगत होती, काकू शंभर आकडे मोजायच्या. मीही मोजले. मग दोन्ही अंगठ्यांनी कडा हळू बाजूला केल्या. आत केस, गवताचा भुसा आणि लेंड्या मिळून बोराएवढा घट्ट गोळा झाला होता. पैलवान ओरडला. मी थांबलो, परत तेल लावलं, परत मोजलं. तिसऱ्या खेपेला गोळा सुटला.

वास सगळ्या सोप्यात पसरला. वारणानगरचा पाहुणा त्या दिवशीही आला होता, तो उठून बाहेर गेला. जाऊ दे. त्याला कुणी धरलं नव्हतं.

मग रुबीनानं पुढची, लघवीची जागा दाखवली. तिथं कातडीच्या घडीत गवताची काडी अडकली होती, ती काढली. वरचा चिकटा तेलानं सोडवला, कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसला आणि मऊ टॉवेलनं अंग कोरडं केलं. नखं वाढली होती, ती मी राहू दिली. नखं एक दिवस थांबू शकतात, पोट थांबू शकत नाही. एवढा फरक कळायला मला नऊ दिवस लागले.

अर्ध्या तासानं टॉवेलखालून चावल्याचा आवाज आला. तो कोथिंबिरीचा देठ खात होता. मी तिथंच बसून राहिलो. हातांना तेलाचा आणि त्या घाणीचा वास होता. दर आठवड्याला दोनदा मी रंकाळ्यावरून परत यायचो तेव्हा तिच्या हातांना हाच वास असायचा, आणि मी तिला म्हणायचो, पहिल्यांदा हात धुऊन ये.

आक्का दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर दहावा झाला. न्हाव्यानं माझी दाढी केली, नखं काढली. नखांत तेल बघून त्यानं माझ्याकडं पाहिलं. आक्का जवळच होती, तिनं तोंड फिरवलं.

घरी आल्यावर मी संयोगिताचा नेलकटर शोधला आणि पैलवानाला घेऊन उन्हात बसलो. रुबीना कामात होती. एका हातानं धरायचं आणि दुसऱ्यानं कापायचं मला जमेना. त्याच्या नखात आत लाल रेघ दिसते, तिथवर कापलं तर रक्त येतं. दोनदा तो निसटला.

आक्का पिशवी भरत होती, तिला बिद्रीची गाडी गाठायची होती. ती येऊन समोर उभी राहिली.

"धरू का?"

माझा राग गेला नव्हता. नको म्हणणार होतो. पण पैलवान तिसऱ्यांदा निसटायला बघत होता आणि उन्हात ती लाल रेघ स्पष्ट दिसत होती.

"छातीखाली हात दे," मी म्हणालो. "आणि गार पाण्याचं नाव काढू नको."

ती पाटावर बसली. मी पहिलं नख धरलं.