संत आनाच्या गोधड्या

"खोली? अगं, एकदम मोकळी! आत फुटबॉल खेळ, नवऱ्याला गोलकीपर कर!" लिंदाल्वा फोनवर म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं खोलीचं दार ढुंगणानं दाबून धरलं. आतलं एक गाठोडं बाहेर यायला बघत होतं.

पलीकडे साओ पावलोत तिची लेक झुसारा हसली नाही.

"आई, मी थट्टा करत नाहीये. मागच्या खेपेला पाच दिवस स्वयंपाकघरात झोळी टांगून झोपले. सकाळी बाबा कॉफी करायला आले की माझ्या पायांवर आपटायचे. तुझ्या घरात कापडाला खोली आहे, मला नाही. आता सातवा महिना चालू आहे. मी येणार, टॅक्सी दारात उभी ठेवणार, खोली बघणार. कापड दिसलं की तशीच पुढे कारुआरूला, सासूबाईंकडे. बाळंतपण तिकडे आणि पुढचा संसारही तिकडेच. तुझ्या जावयाला, उएलितोला, त्याचा मामा काम द्यायला तयारच बसलाय."

"येणार कधी?"

"सव्वीस जुलै. संत आनाचा दिवस. शनिवार आहे."

लिंदाल्वानं फोन ठेवला आणि दारापासून बाजूला झाली. गाठोडं धप्पकन तिच्या पायावर पडलं.

आता त्या खोलीबद्दल. सेर्रा फ्रिया गावात तीस वर्षं जूनच्या जत्रेतल्या नाचाचे घागरे लिंदाल्वानंच शिवले. त्या प्रत्येक घागऱ्याचं उरलेलं फुलाफुलांचं चीट खोलीत होतं. शिवाय जीनच्या कारखान्यातल्या पट्ट्या, शाळेच्या गणवेशांचे तुकडे, सात नवऱ्यामुलींचं साटीन (त्यातल्या दोघींचे नवरे पळाले, साटीन राहिलं), आणि बुडीत निघालेल्या फुटबॉल संघाचे बावीस शर्ट. 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेलं. खोलीला खिडकी होती असं लोक सांगायचे.

बाई तशी पक्की वात्रट. ईस्टरच्या आदल्या दिवशी गाव येशूला दगा देणाऱ्या जुडासचं बुजगावणं झोडतं, ते दरवर्षी हीच शिवते. मागच्या साली तिनं त्याला नगरसेवकाचीच जुनी विजार घातली. सगळ्या गावानं विजार ओळखली आणि मार जरा जास्तच जोरात बसला. त्या नगरसेवकाच्या बायकोनंच ती विजार आणून दिली होती, हे अजून त्याला माहीत नाही.

"सात आठवडे आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळ्याच्या गोधड्या करून वाटून टाकते. थंडीही पडलीय." तिकडे जून-जुलैत हिवाळा असतो.

झेनिवाल म्हणजे तिचा नवरा, आयुष्यभर व्हॅन चालवून आता घरी बसलेला. त्यानं खोलीकडे पाहिलं. "सात आठवडे? ह्यात गाव झाकेल, वर चर्चला टोपी होईल."

"मग कात्री घे."

आणि खरंच त्यानं घेतली. स्वयंपाकघरातली एक निघालेली फरशी मापाला ठेवून तो चौकोन कापायचा, ती मशीनवर जोडायची, मध्ये जुनं ब्लँकेट, खाली अस्तर, आणि दर चौकोनाच्या कोपऱ्यात जाड दोऱ्याची गाठ. मशीन अशी धडधडायची की शेजारची कोरिना भिंतीपलीकडून ओरडायची, "अगं, विमान उतरवतेयस का?"

पहिली गोधडी तिनं कोरिनालाच दिली. पिशवीत घालून. आणि इथेच सगळं फसलं.

सेर्रा फ्रियात कुणाची पिशवी रिकामी परत जात नाही. माणूस स्वतः उपाशी राहील, पण पिशवीत काहीतरी घालेलच. दुसऱ्या बायकांना मक्याचा केक येतो, अंडी येतात, परसातली केळी येतात. लिंदाल्वाला काय येतं? तीस वर्षं तिनं स्वतःच गावाला पढवून ठेवलं होतं, "केक नको गं बाई, माझी साखर वाढलीय. त्यापेक्षा चार चिंध्या टाक."

कोरिनाच्या हातून पिशवी परत आली ती दोन पिशव्या होऊन. दोन पडदे, एक चादर, आणि वारलेल्या नवऱ्याच्या अकरा विजारी.

"एवढं कशाला, कोरिना!"

"राहू दे. एवढी मऊ गोधडी दिलीस, मी काय दगड आहे?"

न्हाव्याकडून टॉवेल आले. बेकरीवाल्या दिर्सेउनं मैद्याची धुतलेली पोती दिली, दोन डझन. शाळेतल्या बाईंनी तर स्नेहसंमेलनाचा अख्खा मखमली पडदा पाठवला. तीन आठवड्यांत लिंदाल्वानं चौदा गोधड्या वाटल्या आणि खोलीचं दार बंद होईनासं झालं.

"एका गोधडीला दीड गाठोडं," झेनिवाल दारापाशी उभा राहून म्हणाला. "अशीच मेहनत घेत राहिलीस तर ख्रिसमसपर्यंत आपण दोघं अंगणात."

नको म्हणावं, तर लिंदाल्वाच्या तोंडून ते येत नाही. कापड समोर आलं की तिचा हात आधी पुढे होतो, डोकं मागनं येतं. मग तिच्या डोक्यात खास तिची अशी एक शक्कल आली. देणाराच कळला नाही तर पिशवी परत कुणाला करणार?

सात वाजता सगळं गाव टीव्हीच्या मालिकेसमोर बसतं. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, तेही आत बसून बघतं. लिंदाल्वा निघायची, काखेत गोधडी, अंगावर झेनिवालचा रेनकोट. एक न्हाव्याच्या खुर्चीवर. एक दूधवाल्याच्या सायकलवर. एक म्हाताऱ्या कितेरियाच्या गाढवावर, चांगली पाठीवर पांघरून, गळ्याखाली गाठ मारून. गाढवानं काही हरकत घेतली नाही. घरी आली की ती स्वयंपाकघरात तोंडात फडकं कोंबून हसायची.

पुढच्या तीन आठवड्यांत अकरा गोधड्या गेल्या आणि एकही पिशवी आली नाही. खोलीचं दार पुन्हा लागायला लागलं!

बेकरीतल्या रांगेत तर धमाल. "संत आनाच करतेय हे," कितेरिया सांगत होती. "येशूची आजी ना ती. आजीलाच कळतं कोण कुडकुडतंय. तिचा सणही आलाच जवळ."

"पण गाढवाला कशी दिली?" लिंदाल्वानं साळसूदपणे विचारलं.

"गाढवं काय माणसं नाहीत?" कोरिना म्हणाली, आणि रांगेतल्या सगळ्या बायकांनी गंभीरपणे माना हलवल्या. लिंदाल्वानं हसू दाबायला गरम पाव चावला, जीभ भाजली.

आता संताचं देणं फेडायचं म्हणजे कसं, ते तिकडे पोरालासुद्धा माहीत असतं. पाय बरा झाला तर लाकडाचा पाय करून संतापुढे टांगायचा. घर वाचलं तर मेणाचं घर ठेवायचं. जे मिळालं त्याच जातीचं द्यायचं. मग गोधडी मिळाली तर?

मंगळवारी सकाळी चर्चचा सेवक आब्दियास हातगाडी ढकलत दारात आला. गाडीवर कापडाचा डोंगर.

"लिंदाल्वाबाई, संत आनाच्या पायाशी लोक हे ठेवून जातायत. आता संत आना दिसेनाशी झाली, नुसती टाळू दिसते. पाद्रीबाबा म्हणाले, कसर लागायच्या आत शिवणाऱ्या हातात जाऊ दे. गावात शिवणारा हात दुसरा कुठला?"

लिंदाल्वानं गाडीचा दांडा धरला. "आब्दियासभाऊ, खरं सांगते. संत आना नाही ती. गोधड्या मीच टाकत होते."

आब्दियासनं छातीवर क्रूस काढला. "बाई, संतांशी तरी खेळू नका. मागं तुम्ही बिशप बोलतोय म्हणून मला फोन केलात, मी दोन दिवस घंटा घासत बसलो."

"भाऊ, ह्या वेळी शप्पथ खरं!"

"त्या वेळीही शप्पथच घेतली होती. बिशपची."

नको म्हणायचं होतं तिला. अगदी ओठांवर होतं. पण ढिगाच्या वर लाल चीट होतं, ताटाएवढ्या पिवळ्या फुलांचं, न कापलेलं, चांगलं दोन मीटर. हात पुढे गेलाच.

गाडी रिकामी होऊन गेली. खोली पुन्हा गच्च. उरलेली गाठोडी घेऊन लिंदाल्वा वळली, तर झेनिवाल स्वयंपाकघरात स्टुलावर चढून छतातल्या हुकाला तेल लावत होता. झोळीच्या हुकाला.

"हे काय करतोयस?"

"गंजलाय. पोरगी आली आणि राहिलीच, तर निदान पडायला नको." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "चार दिवस राहिले, लिंदा. ती थांबायची नाही. पण हूक तरी बरा असू दे."

इतके आठवडे तो टोमणे मारत होता, ते तिला चालत होतं. आता टोमणा नव्हता. लिंदाल्वानं हातातली गाठोडी तिथेच टाकली आणि सरळ कोरिनाच्या घरी गेली. दार वाजवलं नाही, खुर्ची ओढली नाही.

"कोरिना, झुसारा शनिवारी येतेय. खोली भरलेली दिसली तर टॅक्सीतनं उतरायचीसुद्धा नाही. कारुआरूला जाईल, आणि नातवंड मला फोटोत बघावं लागेल. मी तिला सांगितलंय खोली मोकळी आहे. गोधड्या मीच टाकत होते, म्हणजे कुणी कापड परत देऊ नये. आता हस."

कोरिना हसली. इतकी की टेबलाचा आधार घेतला, डोळे पुसले, पुन्हा हसली.

"अगं येडे, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! दुहेरी गाठ आणि बोटभर लोंबता दोरा, अख्ख्या सेर्रा फ्रियात तुझ्याशिवाय कोण सोडतं? संत आनानं काय तुझ्याकडे क्लास लावलाय?"

"मग बेकरीत..."

"तू आमच्याशी खेळत होतीस, आम्ही तुझ्याशी खेळलो. कितेरियानं तर आरशासमोर सराव केला. आणि संताच्या पायाशी कापड ठेवायची कल्पना माझी!" तिनं छातीवर हात ठेवला. "आब्दियासला मात्र सांगितलं नाही. त्याला नाटक जमत नाही."

लिंदाल्वा खुर्चीत बसली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी असं चारी मुंड्या चीत केलं होतं, आणि दाद द्यावी की रडावं हे कळेना. कोरिनाचं हसू मात्र हळूहळू विरलं.

"पोरीचं का नाही बोललीस गं? आम्ही आणलं असतं का एवढं?"

"मीच भरली खोली. म्हटलं, मीच रिकामी करीन."

"हं. आता बायकांना काय सांगू?"

"खरं सांग."

"तुझ्याबद्दल? खरं? बघते कुणी ऐकतं का."

गुरुवारी दोघी आल्या, एकेक गाठोडं घेऊन गेल्या. शुक्रवारी पाऊस लागला, कुणी फिरकलं नाही. लिंदाल्वा खिडकीत बसून रस्ता बघत राहिली, मशीन तिनं उघडलीच नाही. शनिवारी संत आनाची मिरवणूक, मग प्रार्थना. साडेदहा झाले, अकरा झाले.

आणि अकराला चर्चमधून सुटलेला जथा थेट तिच्या दारात. सणाचे कपडे, डोक्यावर जाळीचे रुमाल, हातात रिकाम्या गोण्या. पुढे कोरिना, मागे न्हावी, दिर्सेउ, शाळेच्या बाई. आब्दियास हातगाडी घेऊन, अजून जरा रागातच.

"रांग लावा!" कोरिनानं हुकूम सोडला. "एकीला एक गाठोडं. आपापल्या घरी शिवायचं, आपापल्या माणसांना द्यायचं. आणि हिच्या दारात कुणी चिंधी जरी परत आणली, तर पुढच्या जुडासला त्याची विजार!"

लिंदाल्वा खोलीच्या दारात स्टूल टाकून बसली आणि द्यायला लागली. जीनच्या पट्ट्या गेल्या. मखमल गेली. साटीन देताना तिनं डोळे मिटले. झेनिवाल आतून गाठोडी ओढून देत होता, घामाघूम.

अर्धी रांग झाली असेल, तेव्हा टॅक्सी आली.

झुसारा उतरली, कमरेवर हात, पोट पुढे. "इंजिन चालूच ठेवा हं," ती ड्रायव्हरला म्हणाली. अंगणातल्या बायकांनी वाट करून दिली. रांग मात्र कुणी मोडली नाही.

लिंदाल्वाच्या हातात तेव्हा एक निळं कापड होतं. पुढ्यात कितेरिया गोणी उघडून उभी होती. एक टोक गोणीत, दुसरं लिंदाल्वाच्या मुठीत.

"खोली मोकळी आहे म्हणालीस," झुसारा म्हणाली.

लिंदाल्वाच्या जिभेवर तीन विनोद आले. तिन्ही चांगले होते. तिनं गिळले.

"खोटं बोलले. तेव्हा गच्च होती. आता तिसरा हिस्सा उरलाय. संध्याकाळपर्यंत जाईल."

"आणि हातातलं?"

"हे... हे राहू दे म्हणते."

"काय आहे ते?"

लिंदाल्वानं कापड उलटसुलट केलं. "माहीत नाही गं. पण चांगलं आहे."

झुसारानं हसू दाबायला ओठ आवळले, आणि ते सगळ्यात आधी झेनिवालला दिसलं. "सोड, आई."

एक बोट सुटलं. मग दुसरं. निळं कापड सर्रकन गोणीत गेलं, आणि कितेरियानं लगेच गोणीचं तोंड आवळलं.

झुसारानं दारातून आत डोकावलं. गाठोड्यांच्या मागून उजेड येत होता.

"खिडकी आहे इथे? हिरवी?"

"मलाही आजच कळलं," झेनिवाल आतून म्हणाला.

झुसारानं सुजलेल्या पायांतले बूट एकेक करून उतरवले. "बाबा, टॅक्सीतनं बॅगा काढा. आणि त्याला म्हणावं, जा आता."

लिंदाल्वाला उठवून ती स्वतः स्टुलावर बसली, जवळचं गाठोडं मांडीवर ओढलं आणि रांगेकडे मान वर केली.

"हं, पुढे कोण?"