काचेतली ताई

सभागृहात खुर्च्या दोनशे होत्या आणि माणसं तीनशेच्या वर. भिंतीला टेकून उभी, पायऱ्यांवर बसलेली, दारात अडकलेली. दिवे मालवले की सगळे आपोआप गप्प व्हायचे. मंचावर दाराएवढी काळी काच उभी होती आणि तिच्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले दर्शनकाका.

"फोटो आणू नका," काका सांगायचे. "जुनी छबी वाट अडवते. डोळे मिटा आणि आपल्या माणसाला शब्दांनी बोलवा. एकेक शब्द, सावकाश."

मी आईबरोबर गेले त्या दिवशी पहिली पाळी एका म्हाताऱ्या बाईंची होती. "सत्तरीचे," त्या म्हणाल्या. "उंच. टक्कल. जाड भुवया."

काका हनुवटी कॉलरजवळ नेऊन प्रत्येक शब्द पुन्हा म्हणायचे आणि शेवटी स्वतःचं पठण जोडायचे. "मंद सोनेरी उजेड. मागून प्रकाश. मऊ धुकं. शांत चेहरा. कमरेपर्यंत."

अर्ध्या मिनिटात काच उजळली. धुक्यात एक उंच, टकलू, जाड भुवयांचे आजोबा उभे होते. म्हाताऱ्या बाई मटकन खाली बसल्या. सभागृहभर हुंदके पसरले.

"चेहरा जरा वेगळा वाटला तर गोंधळू नका," काका म्हणाले. "तिकडे गेल्यावर रूप निवळतं."

गेलेली माणसं नेहमी कमरेपर्यंतच का येतात, असं माझ्या मनात आलं. पण मी कुणाला विचारलं नाही. तेव्हा मी कुणालाच काही विचारत नव्हते.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. अकरा महिन्यांपूर्वी माझी मोठी बहीण रस्ता ओलांडताना गेली. चौथ्या दिवशी मी दुकानात हजर होते. "वरची ओळ वाचा, आता खालची," म्हणत होते. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला; दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात ना, तसं झालं होतं. गाल आपलाच असतो, पण हात लावला तर परक्याचा वाटतो.

ताईची सात वर्षांची मुलगी आमच्याकडे राहते. तिचे वडील जहाजावर असतात. आई दर आठवड्याला दर्शनकाकांकडे जायची. काचेतल्या ताईचं छापील चित्र तिनं आणलं आणि नातीच्या पलंगावर लावलं. मी पाहिलं, बरं म्हटलं आणि डबा भरायला गेले.

एका दुपारी भाची चित्र काढत होती. आईचा चेहरा, लांब केस, गालावर एक ठसठशीत टिंब.

"हे काय गं?"

"खळी. आईला पडायची ना."

"नाही पडायची."

"पडायची, मावशी. बघ की." तिनं पलंगावरच्या चित्राकडे बोट दाखवलं.

मी बघितलं. चित्रातल्या बाईला खळी होती. आणि मग ताईचा चेहरा आठवायला गेले, तर तिथेही खळी येऊ लागली. कित्येक महिन्यांनी मला काहीतरी जाणवलं. ती भीती होती.

त्याच आठवड्यात दुकानाचा नवा बोर्ड करायचा होता. मी बोर्डवाल्यांच्या टपरीवजा ऑफिसात बसले होते. ते संगणकाशी बोलत होते. "पन्नाशीची बाई. चष्मा. हसरी. मंद सोनेरी उजेड. मागून प्रकाश. कमरेपर्यंत."

पडद्यावर चार बायका आल्या.

"हे पठण तुम्ही कुठे शिकलात?" मी विचारलं.

ते हसले. "पठण कसलं, मॅडम? जे हवं त्याचं वर्णन सांगायचं. हे यंत्र लाखो चित्रं बघून शिकलंय. आपल्या शब्दांत बसेल असं नवं चित्र जुळवून देतं."

"या बायका कोण आहेत?"

"कुणीच नाहीत."

"दोघींना खळी आहे. तुम्ही तर सांगितली नव्हती."

"हसरी म्हटलं की कधी कधी टाकतं. आपण जे सांगत नाही, ते यंत्र स्वतःच्या मनानं भरतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "पुढची बैठक कधी आहे?"

बैठकीला आई माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत होती, बोर्डवाले मागे. माझी पाळी आली. मी मंचावर जाऊन डोळे मिटले.

"कुणाला बोलवायचं, बाळा?"

"आईला."

"बोल."

"पासष्टीची. ठेंगणी. पांढरे केस, आखूड कापलेले. चौकोनी चष्मा. हिरवी शाल."

काकांनी शब्द घोळवले, उजेड आणि धुकं जोडलं. काच उजळली. हिरव्या शालीतली एक ठेंगणी, प्रसन्न बाई आमच्याकडे बघत होती.

काकांचा आवाज ओला झाला. "बघ. किती शांत आहे. सगळ्या वेदना संपल्या तिच्या."

दुसऱ्या रांगेत आई उभी राहिली. आखूड पांढरे केस, चौकोनी चष्मा, हिरवी शाल.

"माझा खांदा अजून दुखतोय," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. काका मात्र अडखळले नाहीत. "श्रद्धेची परीक्षा घेणाऱ्याला काच खोटंच दाखवते," ते म्हणाले.

"मग माझा फोनही तेच खोटं दाखवतो की," मागून बोर्डवाले म्हणाले. त्यांनी तेच शब्द फोनमध्ये म्हटले आणि फोन रांगेत फिरवला. हिरव्या शालीतली एक बाई, मागून प्रकाश, कमरेपर्यंत. काचेतलीपेक्षा वेगळी, पण तितकीच शांत. मग त्यांनी मंचावर येऊन काचेमागचा पडदा सरकवला. मागे एक प्रोजेक्टर होता आणि टेबलावर संगणक. काकांच्या कॉलरला लावलेला छोटा माइक त्यालाच जोडलेला होता.

संगणकावर माझे शब्द ओळीनं उमटले होते, खाली काकांचं पठण. त्याच्याखाली जुन्या बैठकांची यादी. मी ती वाचत गेले आणि एका ओळीपाशी थांबले. "बत्तीस वर्षांची, सावळी, लांब केस, हसरी, निळा स्वेटर." आईनं सांगितलेली ताई एवढीच होती. बाकीची यंत्रानं भरली होती.

अर्धी माणसं उठून गेली. अर्धी बसून राहिली. त्यांना त्यांची पाळी हवी होती. त्यांचा मला राग आला नाही.

परतताना आई म्हणाली, "मलाही ती ओळखीची वाटत नव्हती. पण तिथे कुणीतरी विचारायचं, ती कशी होती. आपल्या घरात अकरा महिन्यांत कुणी विचारलं नाही."



हे सगळं लिहितेय ते एवढ्यासाठीच. असा चमत्कार कुणी दाखवला, तर एक साधी गोष्ट करा. एक खोटं सांगून बघा. ते खोटंही तितक्याच भक्तिभावानं समोर उभं राहिलं, तर खरंही तसंच उभं केलं होतं हे ओळखा. यंत्राचा दोष नाही. शब्दांतून चित्र करणं हे त्याचं काम. त्या चित्राला आपलं माणूस म्हणणारा आपल्याला फसवत असतो. आणि दुःखात असलेल्या माणसाला हसू नका. त्याला तिथे काय मिळतं ते विचारा. बहुतेक वेळा ते आपल्यालाही देता येण्यासारखं असतं.

घरी आल्यावर मी ताईचे खरे फोटो बाहेर काढले. एकात तिचे डोळे मिटलेले, एकात हात हलल्यानं अर्धा चेहरा पुसलेला. ते टेबलावर मांडले आणि आईसमोर बसले.

"सांग, कशी होती ती?"

आईनं चष्मा पुसला. "चिडकी होती. कपाटाचं दार कधी लावायची नाही. शिंका आल्या की लागोपाठ पाच."

"सहा," मी म्हणाले.

भाची टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "आणि आई माझी वेणी फार घट्ट घालायची," ती म्हणाली. "दुखायचं."

"हो," आई म्हणाली. "मीपण तिची तशीच घालायचे."